माशांवर वाढलेला खरवस

दूध आणि मासे एकाच जेवणात घेतले असता अंगावर पांढरा डाग उठतो काय, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात माझे सुमारे दीड वर्ष गेले. उत्तर एका वाक्याचे आहे आणि ते मी पुढे देणारच आहे. परंतु अंकगणिताच्या पुस्तकाच्या शेवटी उत्तरे छापलेली असतात म्हणून मुलांना गणित येते असे नाही, हा माझा वर्गातला अनुभव. तेव्हा रीत आधी सांगतो. रीत सांगताना माझ्या चुकाही सांगाव्या लागतील.

मी मुलुंडच्या एका शाळेत मराठी व अंकगणित शिकवीत असे. आमचे घर चाळीतले, दोन खोल्यांचे. घरात माझी आई, पत्नी सुमती आणि चार वर्षांची मुलगी कुंदा. आम्ही मूळचे मालवणकडचे. वडील गिरणीत होते. ते गेल्यावर आई माझ्याकडे राहू लागली, पण तिची बोली गावचीच राहिली. सुमतीचे माहेर मालाडचे.

मला महारोग झाला होता. हा शब्द मी येथेच लिहून टाकतो, कारण तो उच्चारण्यास आमच्या घराला फार वेळ लागला आणि तेवढ्या वेळात पुष्कळ नुकसान झाले. आता औषधाने रोग दबला आहे आणि माझ्यापासून दुसऱ्यास बाधा नाही असे डॉक्टरांनी लिहून दिले आहे. उजव्या हाताची शेवटची दोन बोटे मात्र वाकलेली राहिली. पण हे लेखन बोटांसाठी नाही. माझ्या आजाराचा दोष माझ्या पत्नीवर ठेवला गेला. तो तिचा होता की नव्हता, एवढेच मला ठरवायचे होते.

दोन वड्या

श्रावण पाळून, गणपती पोचवून, मगच आमच्याकडे मासे येतात. त्या वर्षी पहिले बांगडे आले त्याच दिवशी शेजारच्या तबेल्यात म्हैस व्याली आणि तबेलेवाल्याने तांब्याभर चीक पाठवला. चीक ठेवून चालत नाही, म्हणून सुमतीने लगेच गूळ, वेलची घालून खरवस उकडला. बांगड्यांचे तिखले आणि भात झाल्यावर तिने वाटीतून दोन वड्या माझ्यापुढे ठेवल्या. मी त्या खाल्ल्या आणि तिसरी मागून घेतली. तिसरी मी मागून घेतली होती, हे पुढे कोणाच्याच लक्षात राहिले नाही. माझ्याही नाही.

दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला सुमती मला तेल लावीत होती.

"अहो, तेल जरा जास्त तापलंय. चटका बसतोय का?"

"नाही."

"माझाच हात भाजतोय, आणि तुम्ही नाही म्हणता."

मग तिचा हात थांबला. उजव्या कोपराखाली, हाताच्या मागच्या अंगास, रुपयाएवढा डाग होता. पांढराशुभ्र नव्हे, आजूबाजूच्या कातडीपेक्षा रंग उतरल्यासारखा, आणि कोरडा.

आईने हात उजेडात धरून बराच वेळ पाहिला. "माशार दूध पडला काय तुझ्या पोटात?" आणि मग तिचे तिलाच आठवले. "खरवस. बांगडे होते त्या दिसा. अगो, माशार दूध कोण वाढता? तुझ्या आवशीन इतक्यापण शिकवल्यान नाय?"

"आमच्याकडे पाळत नव्हते," सुमती म्हणाली.

"म्हणान आमच्याकडे उठला."

मी सुमतीची बाजू घेतली नाही. सणाच्या दिवशी वाद नको, असे मी स्वतःस सांगितले. खरे कारण असे, की आईचे म्हणणे मलाही पटण्यासारखे वाटले होते. आधी खरवस झाला, नंतर डाग दिसला. मी मुलांना शिकवीत असे, की कोंबडा आरवल्यावर सूर्य उगवतो म्हणून कोंबड्याने सूर्य उगवविला असे होत नाही. ते मी शाळेत शिकवीत असे.

वही

मी शंभर पानी वही आणून तिच्यात रकाने आखले. तारीख, मासे खाल्ले असल्यास कोणते, दूध, दही, ताक, दोहोंमधील अंतर तासांत, डागाची लांबी व रुंदी. दर रविवारी डागावर पातळ कागद ठेवून त्याची कड पेन्सिलीने उतरवीत असे आणि तो तुकडा वहीत चिकटवीत असे. वहीच्या पहिल्या ओळीत मागील नोंद म्हणून मी लिहिले: "बांगडे. त्यानंतर लगेच खरवस. सौ. ने वाढला."

हे वाक्य व्याकरणदृष्ट्या बिनचूक आहे. मी लिहिलेल्या वाक्यांपैकी याच वाक्याची मला सर्वांत अधिक लाज वाटते.

आईस वाचता येत नव्हते. तरी शेजारीण विचारू लागली की ती म्हणे, "वयेत लिवलेला आसा. मास्तरान स्वतः लिवल्यान." पूर्वी जी गोष्ट सासूची कुरकुर होती, ती माझ्या अक्षरामुळे पुरावा झाली. सुमती चौथीपर्यंत शिकलेली. तिने वही वाचली असणार, कारण त्या आठवड्यापासून तिने मासे सोडले आणि दूधही सोडले. डाग जाईपर्यंत दोन्ही तोंडात घालायचे नाहीत, असे तिने देवापुढे म्हटले. मला हे आईकडून कळले. आईस त्यात समाधान होते.

त्या वेळी सुमतीस दिवस गेलेले होते.

मी तिला एकदा म्हटले, "दूध तरी घे. तुला गरज आहे."

"डाग वाढला का हो या रविवारी?"

"थोडा."

"मग नको."

मी वहीत माप लिहिले. दिवाळीपासूनच्या दहा महिन्यांत डाग रुपयाएवढा होता तो तळहाताएवढा झाला. मी मासे व दूध केव्हाच वेगळे केले होते, पुढे मासेही बंद केले. तरी डाग वाढतच होता. वहीच ओरडून सांगत होती, की कारण दुसरे आहे. परंतु मी रकाने भरीत होतो, वाचीत नव्हतो.

नऊ दिवस

ज्येष्ठात मुलगी झाली. फार हलकी होती. रडण्याचा आवाज मांजरीच्या पिल्लासारखा. नवव्या दिवशी ती गेली. आम्ही तिचे नाव ठेवले नव्हते. बाराव्याला ठेवायचे होते.

सुमतीने मासे व दूध सोडले आणि मूल अशक्त जन्मले, या दोन गोष्टी मी येथे एकापुढे एक लिहिल्या आहेत. त्या एकीमुळे दुसरी झाली असे मी म्हणत नाही. म्हणण्यास माझ्यापाशी पुरावा नाही, आणि पुराव्यावाचून जोड लावण्याचे फळ मी एकदा पाहिले आहे. वाचकांनीही कृपा करून ती जोड लावू नये.

आई त्या दिवसांत सुमतीच्या डोक्यावरून हात फिरवीत बसे. ती वाईट बाई नव्हती, हे नोंदवणे आवश्यक आहे.

कापूस

पुढच्या भाद्रपदात, वर्गात फळ्यावर लिहीत असता, खडू माझ्या हातातून पडू लागला. एकदा पडला, मुलांनी उचलून दिला. पुन्हा पडला. तिसऱ्यांदा मी बोटांकडे पाहिले, तर करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट सरळ होईना. हेडमास्तरांनी मला त्याच दुपारी डॉक्टरांकडे जाण्यास सांगितले. डॉक्टरांनी हात पाहिला आणि दुसऱ्या डॉक्टरांच्या नावाने चिठ्ठी लिहून दिली. चिठ्ठीत काय लिहिले ते त्यांनी सांगितले नाही. मीही विचारले नाही.

दुसरे डॉक्टर वयाने माझ्याहून लहान होते. त्यांनी मला खिडकीपाशी बसवले.

"डोळे मिटा. कापूस लागला की तिथे डाव्या हाताचं बोट ठेवा."

कपाळास कापूस लागला, मी बोट ठेवले. खांद्यास लागला, ठेवले. मनगटास लागला, ठेवले. मग बराच वेळ काही झाले नाही. मी म्हटले, "थांबलात का?"

"नाही मास्तर. आठ वेळा लावला. उघडा डोळे."

कापूस माझ्या डागावर होता.

दिवाळीच्या आंघोळीचे तापलेले तेल मला त्या क्षणी आठवले. सुमतीचा हात भाजत होता आणि मी "नाही" म्हणालो होतो. अकरा महिन्यांपूर्वी उत्तर मिळाले होते. मी ते लिहून घेतले नव्हते.

मी पिशवीतून वही काढून त्यांना दिली. त्यांनी ती शांतपणे चाळली, चिकटवलेले कागदही पाहिले.

"अक्षर सुरेख आहे. मापंही नीट घेतलीत. पण डागाला स्पर्श कळतो की नाही, हे कुठे आहे?"

"तसा रकाना नव्हता."

त्यांनी रोगाचे नाव सांगितले. माझ्या कोपराच्या आतील बाजूस त्यांनी माझेच बोट नेऊन ठेवले. तेथील शीर सुतळीसारखी जाड लागत होती. वर्षभर आधी आलो असतो तर बोटे वाचण्याची बरीच आशा होती, असे ते म्हणाले. मी विचारले, तेव्हा म्हणाले. आपण होऊन नव्हे.

मग मी ज्यासाठी वही आणली होती तो प्रश्न विचारला. "मासे आणि दूध?"

"हा रोग शरीरात शिरल्यावर डाग दिसायला वर्षं जातात. डागाच्या आधी दोनच महिने खाल्लेल्या वाटीनं तो कसा होईल?" त्यांनी वही मिटली. "आणि माशांवर दूध पिऊन तो होत असता, तर मला निम्मं कोकण तपासावं लागलं असतं."

जाताना त्यांनी माझा उजवा हात हातात घेऊन दाबला. रोगाचे नाव कळल्यापासून मला शिवलेला तो पहिला माणूस. त्यांच्या दृष्टीने ती तपासणीचीच रीत असेल. मी तिला उपकार समजलो.

बाहेरचे कारण

घरी मी दार लावून दोघींना सांगितले. आधी रोगाचे नाव, नंतर सुमतीकडे वळून, "तुझ्या खरवसाने काही झालेले नाही."

आई दुसरे वाक्य ऐकण्याच्या स्थितीत नव्हती. "महारोग आमच्या घराण्यात नाय. ता कोड आसा. माशा-दुधाचा कोड. कोणी विचारल्यान तर ताच सांगूचा."

मी म्हटले, "आई, ते खोटे आहे."

"खोटा तर खोटा. ह्या चाळीत ऱ्हवाचा आसा मा तुका?"

मी सुमतीकडे पाहिले. ती खाली पाहून म्हणाली, "आई बरोबर बोलतायत. तेच सांगू या. माझ्यावर एवढे दिवस आहेच, आणखी राहू दे. तुमची नोकरी तर राहील."

आणि मी ते राहू दिले. पुढील चार महिने, कोणी माझ्या हाताबद्दल विचारले, की सुमती स्वतःच सांगे, "माझी चूक. माशांवर खरवस वाढला." शेजारच्या बायका तिला चार गोष्टी सुनावीत आणि ती ऐकून घेई. एका खोट्या कारणाच्या छपराखाली आम्ही सगळे राहत होतो आणि त्या छपराचा खांब ती होती. माझ्या आजारात मी जे भय अनुभवले ते पुष्कळांनी अनुभवले असेल. हे मात्र मला लिहावेसे वाटते, की भयाने माणूस चांगल्या माणसाच्या आडोशास बसतो आणि त्या माणसाकडे पाहत नाही.

कुंदास डॉक्टरांनी तपासले. तिला काही नव्हते. तरी काही दिवस तिला मालाडला मामाकडे ठेवावे असे ठरले. जाताना तिने विचारले, "मी पण मासे खाऊन दूध प्यायले का?"

नोकरी तशीही राहिली नाही. पालकांपैकी कोणास काय कळले ते ठाऊक नाही. हेडमास्तर घरी आले, चहा घेतला, कप स्वतः विसळून ठेवला आणि रजा घ्यावी असे म्हणाले. रजेचा शेवट त्यांनी सांगितला नाही.

बाक

दर मंगळवारी दवाखान्यात गोळ्या मिळत. आधी नाव पुकारीत, मग तळपाय व तळहात दाखवावे लागत. कारण बधिर भागास लागले, भाजले तरी आपणास कळत नाही. तोपर्यंत भिंतीलगतच्या लांब बाकावर बसायचे. पहिले दोन मंगळवार मी कोणाशी बोललो नाही. तिसऱ्या मंगळवारी शेजारी घाटकोपरचे एक पेन्शनर गृहस्थ होते, टोपी गुडघ्यावर ठेवून बसलेले.

"तुमचं कशानं झालं मास्तर?" त्यांनी अगदी पावसापाण्याची चौकशी करावी तसे विचारले.

"घरचे म्हणतात, मासे आणि दूध."

ते हसले. "मी जन्मात मासा खाल्ला नाही. बोंबील आणि सुरमई शेजारी ठेवलीत तर कोणतं कोणतं, सांगता यायचं नाही. आमच्या घरी म्हणतात, मुळ्याच्या कोशिंबिरीवर दूध प्यायलो. वहिनींनी वाढलं होतं. वहिनी अजून डोळे पुसतात बिचाऱ्या."

पलीकडचा गिरणी कामगार म्हणाला, "मी फणसाचे गरे खाऊन वर पान खाल्लं. बायकोनं दिलं पान. गावाला सगळे हेच बोलतात."

बाकाच्या टोकाला एक प्रौढ बाई बसल्या होत्या. त्यांनी पदर सावरून म्हटले, "माझी सासू म्हणते, दह्याबरोबर वांगं खाल्लंस. पण मला कोण वाढणार? मीच रांधलं, मीच वाढून घेतलं. म्हणजे माझ्यावरचा आळ घरातल्या घरातच राहिला."

सगळा बाक हसला. मीही हसलो, त्या वर्षातले माझे पहिले हसणे.

घरी येताना मात्र मी विचार करू लागलो. रोग एक. अन्नाच्या जोड्या चार. मासे आणि दूध, मुळा आणि दूध, फणस आणि पान, दही आणि वांगे. या चार जोड्यांत समान असा एकही पदार्थ नाही. तिसरीतल्या मुलास विचारले, तरी तो सांगेल की कारण या यादीत नाही. यादीत समान होती ती एकच गोष्ट: प्रत्येक ताट कोणा बाईने वाढलेले होते.

माहुल

हे मी सुमतीस सांगितले. तिने नीट ऐकले आणि म्हणाली, "ते सगळे तुमच्यासारखेच आजारी. त्यांच्याकडून काय कळणार? जे मासे रोज खातात आणि धडधाकट आहेत, त्यांना विचारा."

आक्षेप रास्त होता. तो मला सुचावयास हवा होता. पुढील रविवारी मी माहुलला गेलो. तेथे तेलाच्या कारखान्यांची नवी कामे चालली होती आणि टाक्यांच्या पायथ्याशी कोळ्यांची जुनी वस्ती होती. एक कोळीण अंगणात सुके बोंबील उलटेपालटे करीत होती. मी तिला माझा प्रश्न सांगितला.

"मास्तर," ती म्हणाली, "सकाळच्याला आमी काय खाताव? रातचं कालवण नि भाकर. नि वर च्या. त्या च्यात काय दर्याचं पानी घालताव?"

चहात दूध असते. माझ्या शंभर पानी वहीत दूध, दही, ताक असे होते. चहाचा रकाना नव्हता. मी स्वतः रोज दोन वेळा चहा घेत होतो आणि त्याची एकदाही नोंद केली नव्हती.

मी विचारले, वस्तीत कोणास डाग आहे का. तिने सासऱ्यांना हाक मारली. म्हातारे सत्तरीचे असतील. त्यांनी सदरा काढून पाठ दाखवली. उन्हाने काळी झालेली, एकसारखी पाठ. "याला जनमल्यापासून म्हावरं नि च्या," ती म्हणाली. "डाग काय शोधताय? जागाच नाय डागाला."

मी ओळीने बऱ्याच घरी विचारले. उत्तर तेच मिळाले. एका घरी मात्र एका तरुणाच्या गालावर फिका डाग दिसला. तो मासे खाई, चहाही घेई, तसे इतरही घेत. मी त्याला कापूस लावून पाहिले. त्याने प्रत्येक वेळी बरोबर बोट ठेवले. तरी मी त्यास दवाखान्याचा पत्ता लिहून दिला.

तिचा प्रश्न

संध्याकाळी मी सुमतीस सर्व सांगितले, क्रमवार. डॉक्टरांचे म्हणणे, बाकावरच्या चार जोड्या, माहुलची घरे, चहातले दूध. शेवटी वहीची पहिली ओळ तिच्यासमोर खोडली आणि खाली लिहिले: "ही नोंद निराधार आहे. सुमतीचा काही दोष नाही." मला वाटले, आता ती रडेल आणि मोकळी होईल. मनात मी थोडा समाधानीही होतो, हे कबूल केले पाहिजे. गणित सुटले होते.

ती रडली नाही. तांदूळ निवडत होती, त्या ताटाकडे पाहत राहिली.

"म्हणजे मी मासे-दूध सोडलं त्याचा काही उपयोग नव्हता."

"नव्हता."

"सोडलं नसतं तरी डाग तेवढाच वाढला असता."

"हो."

"मग ती का गेली हो?"

इतके दिवस मी तिला तिच्या एका दोषातून सोडवण्याचा प्रयत्न करीत होतो. त्या दोषावर तिचे व्रत उभे होते आणि व्रतावर तिने मुलीचे जाणे कसेबसे टेकवले होते: नवऱ्यासाठी काही सोडले, देवाने त्यातून काही घेतले. मी खालचा दगड काढून घेतला होता.

मी म्हटले, "मला माहीत नाही."

पुढच्या मंगळवारी मी डॉक्टरांना विचारले. त्यांनी पुष्कळ प्रश्न विचारले, किती महिन्यांची, वजन किती, ताप होता का, आणि शेवटी म्हणाले, "अशी मुलं अनेक कारणांनी जातात. उपासानं गेली असं मी म्हणणार नाही. नाही गेली असंही म्हणू शकणार नाही." मी तेच शब्द सुमतीस सांगितले. तिला बरे वाटेल असे काही मला सांगता आले असते. त्या आठवड्यात मी अनेकदा ते तोंडाशी आणले.

ती एवढेच म्हणाली, "मग मी जे मानते ते मानू द्या."

नंतर शीर सुजल्याने मी दीड महिना रुग्णालयात होतो. हात फळीला बांधलेला असे. सकाळी कोमट पाण्यात हात भिजवायचा, तेल लावायचे, बोटे डाव्या हाताने एकेक करून सरळ करायची, वाकतात तशी पुन्हा वाकू द्यायची. सुमती रविवारी येत असे. इतर रुग्णांच्या घरचे दाराशी थांबत; ती खाटेवर बसे आणि माझी बोटे तीच चोळीत असे. आम्ही कुंदाविषयी बोलत असू. डब्यात ती मासे आणी. दूध आणीत नसे. मी कधी मागितले नाही.

आई पुढच्या पावसाळ्यात वारली. शेवटपर्यंत ती त्यास कोडच म्हणत असे.

कुंदा आता घरी आहे. मी घरी शिकवण्या घेतो. जाड लाकडी मुठीत पेन्सिल बसवून लिहितो आणि अक्षर वाईट येत नाही. सुमती मला व कुंदाला दूध देते, पण मासे असतील त्या दिवशी नाही. स्वतः दोन्ही खात नाही. आजही नाही. मी वाद घालीत नाही. चाळीत कोणी माझ्या हाताविषयी विचारले, की आता मीच आधी उत्तर देतो आणि रोगाचे खरे नाव सांगतो. तेव्हा ती आत निघून जाते.

उत्तर आणि विनंती

माझे उत्तर असे: दूध आणि मासे एका जेवणात घेतल्याने माझा डाग उठला नाही, आणि मी ज्या ज्या घरी विचारले तेथेही तसा उठलेला मला आढळला नाही. ज्यांच्या पोटास ती जोडी सोसत नसेल त्यांनी ती खाऊ नये. तो पोटाचा प्रश्न आहे, डागाचा नव्हे.

परंतु माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका. मी वर्षभर मोठ्या काळजीने चुकीची गोष्ट मोजली, हे आपण वाचलेच आहे. स्वतः तपासा. अंगावर फिका किंवा लालसर डाग दिसला, तर काय खाल्ले ते आठवत बसू नका. डोळे मिटा, दुसऱ्यास कापूस लावावयास सांगा आणि लागला तेथे बोट ठेवून पाहा. कळले नाही तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. कळले तरी आठवड्याच्या आत जा. मासे आणि दूध यांविषयी शंका असेल, तर जे दोन्ही रोज घेतात त्यांच्या घरी जाऊन विचारा, आणि चहा विसरू नका. आणि हे सर्व तपासून होईपर्यंत, ताट कोणी वाढले होते हे घरात कोणीही कोणास विचारू नये, एवढी माझी विनंती आहे.